शेअरचा भाव सर्वांना एकच, मग युरोचा भाव बँकेगणिक वेगळा का?

द्राक्षमळा (निफाड) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही काही बागायतदारांनी मिळून एक छोटी कंपनी काढली आहे आणि तिच्यामार्फत हंगामात नेदरलँड्सला द्राक्षे पाठवतो. पैसे युरोमध्ये येतात आणि बँक त्यांचे रुपये करून खात्यावर जमा करते. याखेरीज मी वैयक्तिकरीत्या थोडी शेअरखरेदीही करतो, त्यामुळे दोन्ही बाजारांशी माझा काठावरून का होईना, संबंध येतो.

मला पडलेला प्रश्न असा. एखाद्या शेअरचा भाव पडद्यावर २५०.१० दिसत असेल, तर तो मलाही तेवढाच दिसतो आणि मुंबईतल्या मोठ्या फंडालाही तेवढाच दिसतो. युरोचे मात्र तसे नाही. एकाच दुपारी संकेतस्थळावर एक भाव होता, आमच्या बँकेने दुसरा लावला आणि आमच्यासारख्याच दुसऱ्या कंपनीला तिच्या बँकेने तिसरा दिला. तिघांपैकी खरा भाव कोणता, आणि तो ठरवतो कोण? रिझर्व्ह बँक ठरवते, असे आमच्याकडे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. शेअरच्या बाबतीतही सकाळी सव्वानऊला जो पहिला भाव उमटतो तो कोठून येतो, हे मला नीटसे उमगलेले नाही.

जाता जाता आणखी एक. भाचा एका परदेशी ॲपवर चलनांचे सौदे करतो. हजार रुपये ठेवले की लाखाचा सौदा करता येतो, असे तो म्हणतो आणि मलाही आग्रह करतो. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

रिंगणातला

मी दलाल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत अनेक वर्षे नोकरी केली, त्यामुळे शेअर बाजारापुरते लिहितो. चलनाबद्दल येथे दुसरे जाणकार आहेत.

शेअरचा भाव कोणी एक व्यक्ती किंवा संस्था ठरवत नाही. एक्स्चेंजच्या संगणकात प्रत्येक शेअरची एक वही असते, जिला ऑर्डर बुक म्हणतात. तिच्या एका बाजूला घेणाऱ्यांच्या ऑर्डरी असतात आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांच्या. घेणाऱ्यांपैकी ज्याचा भाव सर्वांत जास्त तो पुढे, विकणाऱ्यांपैकी ज्याचा भाव सर्वांत कमी तो पुढे, आणि भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. समोरासमोरचे दोन भाव जुळले की सौदा होतो. आपल्याला पडद्यावर दिसणारा २५०.१० हा भाव म्हणजे नुकत्याच झालेल्या सौद्याची नोंद असते. पुढचा सौदा त्याच भावाला होईल अशी हमी त्यात नसते.

म्हणून ‘सर्वांना एकच भाव’ हे आपले विधान थोडे तपासून घ्यावे लागेल. समजा, विक्रीच्या बाजूला २५०.१० ला २०० शेअर, २५०.१५ ला ३०० आणि २५०.४० ला १००० शेअर उभे आहेत. आपण १००० शेअरची ‘मार्केट’ ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने घेण्याची ऑर्डर टाकली, तर पहिले २०० आणि पुढचे ३०० त्या त्या भावाने मिळतील, उरलेले ५०० मात्र २५०.४० ने घ्यावे लागतील आणि सरासरी सुमारे २५०.२७ पडेल. मोठ्या फंडाला तर एवढ्याशा मालात काहीच भागत नाही. तो आपली खरेदी तुकडे करून दिवसभर पसरवतो. एक्स्चेंजवर सर्वांना सारखा असतो तो नियम आणि सर्वांना दिसते ती वही. भाव प्रत्येकाला आपापल्या ऑर्डरीच्या आकाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे मिळतो.

आता सकाळचा पहिला भाव. ९ वाजता ‘प्री-ओपन’ सत्र सुरू होते. ही पद्धत आपल्याकडे २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आली. या सत्रात ऑर्डरी नुसत्या गोळा होतात, लगेच जुळवल्या जात नाहीत. सुमारे आठ मिनिटांनी ऑर्डरी घेणे थांबते, आणि ज्या एका भावाला जास्तीत जास्त शेअरांचा सौदा होऊ शकेल तो भाव संगणक शोधून काढतो. उदाहरणादाखल, एका शेअरला १०२ पर्यंत देण्यास तयार असलेल्यांची मागणी ३०० आहे, १०१ पर्यंतची ५०० आणि १०० पर्यंतची ७००. विकणाऱ्यांत ९९ ला ४००, १०० ला ५०० आणि १०१ ला ६०० शेअर आहेत. १०१ हा भाव धरला तर घेणारे ८०० आणि विकणारे १५००, म्हणजे सौदा ८०० चा. १०० धरला तर घेणारे १५०० आणि विकणारे ९००, म्हणजे सौदा ९०० चा. ९९ ला तो ४०० वर येतो आणि १०२ ला ३०० वर. तेव्हा भाव ठरतो १००, आणि सर्व सौदे त्याच भावाने होतात. जो १०२ द्यायला तयार होता त्यालाही शेअर १०० नेच मिळतो आणि जो ९९ ला विकायला बसला होता त्यालाही १०० मिळतात. १०० च्या भावाने ज्यांची ६०० शेअरांची मागणी शिल्लक राहिली, त्यांच्या ऑर्डरी सव्वानऊनंतरच्या नेहमीच्या सत्रात जातात.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. ऑर्डरी घेणे नेमके कोणत्या सेकंदाला बंद होणार, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. शेवटच्या मिनिटातला कोणता तरी क्षण संगणक आपल्या मर्जीने निवडतो. अगदी अखेरच्या क्षणी मोठी ऑर्डर टाकून किंवा काढून घेऊन भाव हलवू पाहणाऱ्याला यामुळे वेळ साधता येत नाही.

आपण बँकांच्या तीन भावांचे लिहिले आहे, त्यावरून जुने दिवस आठवले. मुंबईचा बाजार १८७५ पासूनचा. पण १९९५ पर्यंत सौदे रिंगणात उभे राहून, आरडाओरडा करून होत. जॉबर, म्हणजे रिंगणात स्वतःसाठी घेणारा-विकणारा व्यापारी, खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव पुकारत असे, आणि गर्दीच्या दिवशी रिंगणाच्या दोन टोकांना एकाच शेअरचे वेगवेगळे भाव असणे नवलाचे नव्हते. बाहेरच्या गुंतवणूकदाराला आपला शेअर नेमका कितीला घेतला गेला हे पडताळून पाहण्याची सोय नव्हती. दलाल सांगेल तो भाव खरा मानावा लागे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्ये उपग्रहाने जोडलेल्या पडद्यांवर शेअरचे व्यवहार सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजारालाही ‘बोल्ट’ ही संगणकीय पद्धत आणावी लागली. आज दोन एक्स्चेंज म्हणजे दोन वह्या आहेत हे खरे, पण भावात चार-आठ आण्यांचा फरक पडला तरी एकीकडे घेऊन दुसरीकडे विकणारे टपलेलेच असतात, त्यामुळे तो फरक टिकत नाही.

दुसरा भाग पैशांचा. सौदा जुळला की क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये उभी राहते. ती विकणाऱ्यासाठी घेणारी होते आणि घेणाऱ्यासाठी विकणारी होते, त्यामुळे पलीकडचा माणूस बुडाला तरी आपला व्यवहार बुडत नाही. त्यासाठीच ती सर्वांकडून आगाऊ मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेव घेते. जुन्या काळी कागदी प्रमाणपत्रांची अदलाबदल व्हायला आठवडे जात. डीमॅट आल्यानंतर ही मुदत उतरत उतरत २००३ मध्ये सौद्यानंतर दोन दिवसांवर आली आणि २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांसाठी एका दिवसावर आली.

पोटतिडीक

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण वास्तव वेगळे आहे असे मला वाटते. वही वगैरे सगळे ठीक; शेवटी भाव बडे लोकच हलवतात. १९९२ मध्ये हर्षद मेहता आणि २००१ मध्ये केतन पारेख यांच्या घोटाळ्यांत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. चलनाच्या बाजारात तर सगळ्या मोठ्या बँका आतून एकच असतात. सामान्य माणसाने या दोन्हीपासून लांब राहावे.

माजी ट्रेझरी

मी बँकेच्या ट्रेझरी विभागात, म्हणजे बँकेचे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागात होतो, आता निवृत्त आहे. चलनाचा बाजार कोठे भरतो, येथून सुरुवात करतो.

तो कोठेही एका जागी भरत नाही. आंतरराष्ट्रीय तडजोड बँक (बीआयएस) या मध्यवर्ती बँकांच्या संस्थेची जी त्रैवार्षिक पाहणी असते, तिच्यानुसार एप्रिल २०२५ मध्ये जगात दररोज सरासरी ९.६ लाख कोटी डॉलरचे चलन-व्यवहार होत होते आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा लंडनचा होता. परंतु लंडनमध्येही या बाजाराची इमारत नाही, मध्यवर्ती वही नाही. बँका एकमेकींना इलेक्ट्रॉनिक मंचांवर किंवा थेट भाव देतात, बँका आपल्या ग्राहकांना भाव देतात, आणि या प्रत्येक जोडगोळीचा सौदा तिच्यापुरता असतो. द्राक्षमळा यांना हे चटकन समजेल, कारण त्यांच्याकडे दोन्ही रीती आहेत. लासलगावला कांद्याचा लिलाव सर्वांसमक्ष होतो आणि पुकारलेला भाव आवारातल्या प्रत्येकाच्या कानावर पडतो; द्राक्षाचा व्यापारी मात्र बागेत येऊन भाव करतो, आणि शेजारच्या बागेत त्याने काय दिले ते आपल्याला मागाहून कळते. शेअर बाजार पहिल्या जातीचा आहे आणि चलनाचा बाजार दुसऱ्या जातीचा.

आता युरोचा भाव कसा तयार होतो ते पाहा. युरो आणि रुपया यांचा थेट बाजार पातळ आहे. बहुतांश चलनांचे व्यवहार डॉलरच्या मार्गाने होतात. जगातील दहापैकी जवळजवळ नऊ सौद्यांत एका बाजूला डॉलर असतो. म्हणून बँक दोन भाव गुणते. समजण्यासाठी आकडे घेतो: एक युरो १.१००० डॉलरला विकला जातो आणि एक डॉलर ८५.०० रुपयांना विकला जातो, तर युरो झाला ९३.५० रुपयांचा. संकेतस्थळावर साधारण हाच भाव दिसतो. हा बँकांचा आपसातला, मोठ्या रकमांचा आणि ‘स्पॉट’चा भाव आहे, म्हणजे पैशांची अदलाबदल दोन कामकाजी दिवसांनंतर होणार असे त्यात गृहीत असते. आपल्याला रुपये आजच हवे असतील तर दोन दिवसांचा प्रीमियम, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावात धरलेली वाढ, त्यातून वजा होतो. त्यानंतर बँक आपला नफा कापते, आणि खरा फरक पडतो तो येथे.

सकाळी शाखांकडे ‘कार्ड रेट’ नावाची यादी जाते. दिवसभरात बाजार हलला तरी बँकेला तोटा होऊ नये, एवढी ऐसपैस जागा त्या भावात ठेवलेली असते. ग्राहकाने काहीच विचारले नाही तर आलेली रक्कम बहुधा याच भावाने रूपांतरित होते. वरच्या उदाहरणात कार्डावरचा खरेदीचा भाव ९२.८० असेल, तर ४०,००० युरोच्या एका बिलावर २८,००० रुपयांचा फरक पडला. त्याच शाखेत एखाद्या निर्यातदाराने ट्रेझरीकडून चालू भाव मागून घेतला, तर त्याला काही पैशांच्या फरकाने बाजारभाव मिळू शकतो. तीन भावांमागचे रहस्य बव्हंशी एवढेच आहे. कोणता खरा, असे विचाराल तर तिन्ही खरे. प्रत्येक भाव वेगळ्या ग्राहकासाठी आणि वेगळ्या दिवसाच्या पैशांसाठी आहे.

रिझर्व्ह बँकेबद्दल. १९९३ च्या मार्चपासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक त्या बाजारात उतरते, प्रामुख्याने सरकारी बँकांच्या मार्फत डॉलर विकते किंवा घेते, आणि तिचा हात एवढा मोठा आहे की ती उतरली की सर्वांना जाणवते. कोणतीही विशिष्ट पातळी राखणे हे आपले उद्दिष्ट नसून अनाठायी चढउतार रोखणे एवढेच आहे, अशी तिची जाहीर भूमिका आहे. त्या भूमिकेवर मतभेद असू शकतात, आणि माझेही काही आहेत. मात्र सकाळी उठून ती दर जाहीर करते हा समज चुकीचा आहे. दुपारी जो संदर्भ दर, म्हणजे त्या दिवसाचा प्रातिनिधिक भाव, प्रसिद्ध होतो तोही जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया (एफबीआयएल) ही संस्था काढते, आणि तो आधीच झालेल्या सौद्यांवरून काढला जातो.

पोटतिडीक यांचा संशय अगदीच निराधार नाही. चलनाच्या बाजारात मध्यवर्ती वही नसल्यामुळे ‘आजचा भाव’ म्हणून कोणता तरी एक आकडा सर्वांना लागतो. लंडनमध्ये दुपारी ४ वाजताच्या सुमाराचा एक ठरावीक भाव जगभरचे फंड वापरत असत. काही मोठ्या बँकांचे सौदे करणारे कर्मचारी खासगी चॅटरूममधून ग्राहकांच्या ऑर्डरींची माहिती एकमेकांना देऊन नेमका तोच भाव हलवत होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने या प्रकरणात पाच बँकांना मिळून १ अब्ज १० कोटी पौंडांहून अधिक दंड केला. आपल्याकडच्या संदर्भ दरासाठी साडेअकरा ते साडेबारा या तासातली कोणतीही १५ मिनिटे यदृच्छेने निवडली जातात. रिंगणातला यांनी सांगितलेल्या प्री-ओपनच्या अनिश्चित क्षणामागचे तर्कशास्त्रच येथेही आहे. ‘सगळ्या बँका आतून एकच असतात’ हे मात्र मी मान्य करणार नाही. तसे असते तर आपल्याला दोन बँकांकडून दोन भाव मिळालेच नसते.

आणखी एक फरक सांगायला हवा, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. चलनाच्या सौद्यात दोन्ही बाजूंना पैसेच असतात, आणि ते दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या घड्याळांवर दिले जातात. २६ जून १९७४ रोजी कोलोनच्या हेर्श्टाट बँकेला जर्मन नियामकांनी तेथील कामकाज संपताना टाळे ठोकले. समोरच्या बँकांचे तिला मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) देऊन झाले होते; न्यूयॉर्कमध्ये दिवस नुकताच सुरू झाला होता आणि तेथे मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत. या धोक्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये सीएलएस ही जागतिक व्यवस्था उभी राहिली, जिच्यात दोन्ही चलने एकाच वेळी हस्तांतरित होतात. रुपया तिच्यात नाही. बँकांच्या आपसातील डॉलर-रुपया सौद्यांसाठी आपल्याकडे मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था तेच मधले स्थान घेते.

द्राक्षमळा (निफाड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कार्ड रेटचा हिशेब वाचून आजच जुनी बिले काढून बसलो आहे. दोन शंका उरतात. आमच्या ब्रोकरच्या ॲपमध्येही ‘करन्सी’ असा विभाग दिसतो. म्हणजे चलन एक्स्चेंजवरही मिळते ना? मग तेथेच युरो विकले तर? आणि भाच्याच्या ॲपचे राहिलेच.

माजी ट्रेझरी

एक्स्चेंजवर मिळते ते चलन नव्हे, चलनाचे वायदे (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे करार) आणि ऑप्शन (तशा भावाचा हक्क देणारे करार). नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर २९ ऑगस्ट २००८ रोजी डॉलर-रुपया वायदे सुरू झाले. युरो, पौंड आणि येन पुढे २०१० मध्ये आले. एक करार १००० युरोचा असतो. मुदतीच्या दिवशी प्रत्यक्ष युरो हातात येत नाहीत आणि द्यावेही लागत नाहीत. त्या दिवशीच्या संदर्भ दराशी तुलना करून फरकाचे रुपये दिले-घेतले जातात. त्यामुळे आपले युरो तेथे ‘विकता’ येणार नाहीत, भावाचा धोका मात्र झाकता येईल. येथे वही खुली असते आणि मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते, हा फायदा खरा आहे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की, या सौद्यांमागे चलनाचा प्रत्यक्ष धोका असलाच पाहिजे. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रे दाखवावी लागत नाहीत, धोका मात्र असावा लागतो. ३ मे २०२४ पासून हे लागू झाले, केवळ सट्टा करणारे बाहेर पडले आणि उलाढाल खूपच आटली. आपल्याकडे निर्यातीचे बिल असल्यामुळे आपल्याला दार उघडे आहे, पण युरोच्या वायद्यात दूरच्या महिन्यांत समोर कोणी उभा आहे की नाही, हे आधी पाहावे. डॉलरमध्ये बिल करत असाल तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलेला ‘एफएक्स-रिटेल’ हा मंचही विचारात घ्या. तेथे छोटा ग्राहक थेट बाजाराच्या भावाशी जोडला जातो आणि बँकेला आपले शुल्क वेगळे, आधी सांगून लावावे लागते.

भाच्याच्या ॲपबद्दल माझे मत कडक आहे. अशा बहुतेक ॲपवर आपला सौदा कोणत्याही बाजारात जात नाही. आपल्या समोर ते ॲपच उभे असते, आपण हरलो की ते जिंकते आणि पडद्यावरचा भावही तेच दाखवते. फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला अधिकृत संस्थांशीच आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच परकीय चलनाचे व्यवहार करता येतात. व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी जी उदारीकृत प्रेषण योजना आहे, तिच्यातही परदेशात मार्जिन पाठवण्यास मुभा नाही. अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते आहे. यादीत नाव नाही म्हणून ते ॲप अधिकृत ठरत नाही, हेही भाच्याला सांगा.

हजाराला लाख म्हणजे शंभर पट. भाव एक टक्का उलटा गेला की ठेव संपली. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला किमान १.२० फ्रँक हा आपला बांध पूर्वसूचनेशिवाय सोडला, तेव्हा काही मिनिटांत फ्रँक इतका उसळला की मधल्या भावांना सौदा करायला कोणीच नव्हते. स्टॉप-लॉस (ठरावीक भाव आला की सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) लावलेल्यांनाही तो लावलेल्या भावाला लागला नाही, आणि ग्राहकांची ठेवीपेक्षा जास्त देणी अंगावर आल्याने काही दलाली कंपन्याच दिवाळखोरीत गेल्या.

रिंगणातला

शेअर बाजारात अशा वेळी निदान घंटा वाजते. निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की व्यवहार थांबवले जातात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १० टक्के पडल्यावर बाजार ४५ मिनिटे बंद ठेवला होता. पुन्हा उघडल्यावर तो आणखी पडला आणि दिवसअखेर १३ टक्क्यांहून अधिक खाली बंद झाला, म्हणजे थांबवल्याने पडझड टळते असे नाही. पण मार्जिन भरायला आणि विचार करायला लोकांना वेळ मिळतो. ज्या बाजाराला मध्यवर्ती जागाच नाही, त्याला थांबवणार कोण?

द्राक्षमळा (निफाड)

समजले. पुढच्या कंटेनरच्या वेळी बँकेकडे नेमके काय मागावे, तेवढे सांगावे.

माजी ट्रेझरी

युरो बँकेच्या परदेशातील नॉस्ट्रो खात्यात (बँकेचे स्वतःचे परकीय चलनाचे खाते) जमा झाल्याची सूचना येताच शाखेला लेखी कळवा की, आमच्या होकाराशिवाय रूपांतर करू नये. मग चलन, रक्कम आणि रुपये कोणत्या दिवशी हवेत हे सांगून ट्रेझरीचा भाव मागा. त्याच क्षणी युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया यांचे चालू भाव स्वतः पाहून गुणाकार करा आणि फरक किती पैशांचा आहे ते विचारा. दुसऱ्या बँकेचा भाव हाताशी असेल तर बोलणे लवकर संपते. माल पाठवतानाच भाव बांधून ठेवायचा असेल तर बँकेशी फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारा करार, करता येईल. युरोवरचे व्याज रुपयावरच्या व्याजापेक्षा कमी असेल तेव्हा पुढच्या तारखेचा भाव आजच्यापेक्षा जास्त मिळतो. तारीख एकच न ठरवता महिनाभराची मुदत घ्या, कारण कंटेनर बंदरात अडकला किंवा खरेदीदाराने पैसे उशिरा दिले, तर करार रद्द करण्याचा अथवा पुढे ढकलण्याचा खर्च बँक आपल्याकडूनच वसूल करते.